कॉनरेलची जुनी इंजिनं अजून कामावर आहेत: न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात ती हेरायची कशी?

न्यू जर्सीत मालगाडी दिसली की बहुतेकांचं निदान दोन सेकंदांत होतं. काळं इंजिन म्हणजे नॉरफोक सदर्न, निळं-पिवळं म्हणजे सीएसएक्स. उत्तर बरोबर असतं, पण अर्धंच. रंगावरून आजचा मालक कळतो. ते इंजिन मुळात कुणासाठी बनलं, कधी बनलं, आधी कुठल्या नावाने धावलं, हे रंग सांगत नाही. आणि इंजिनं बघायची खरी मजा तर तिथेच आहे. १९९९ साली या दोन कंपन्यांनी वाटून घेतलेल्या कॉनरेल या रेल्वे कंपनीची इंजिनं आजही यार्डात डबे ढकलताना, एखाद्या कारखान्याच्या सायडिंगवर चार टँकर सोडताना सापडतात. त्यातली काही पन्नाशीला टेकली आहेत.

महागडा कॅमेरा लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर फोनचा झूम पुरतो. रंग बघून निकाल द्यायची सवय मात्र सोडावी लागते.

आधी वाटणी समजून घ्या

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या दोन बलाढ्य कंपन्या, पेनसिल्व्हेनिया रेलरोड आणि न्यूयॉर्क सेंट्रल, १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकत्र आल्या आणि पेन सेंट्रल झाली. जून १९७० मध्ये तिचं दिवाळं वाजलं. आसपासच्या इरी लॅकवाना, रीडिंग, लीहाय व्हॅली, सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी यांचीही अवस्था तीच होती. शेवटी सरकारने या सगळ्यांची मोट बांधली आणि १ एप्रिल १९७६ रोजी कॉनरेल सुरू झाली. पुढे ती नफ्यात आली, १९८७ मध्ये सरकारने आपला हिस्सा शेअर बाजारात विकला आणि मग दोन शेजाऱ्यांचा तिच्यावर डोळा पडला. सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न यांच्यात बराच काळ चढाओढ झाली आणि अखेर भावकीत जमीन वाटावी तशी कॉनरेल वाटली गेली: नॉरफोक सदर्नला ५८ टक्के, सीएसएक्सला ४२ टक्के. प्रत्यक्ष ताबा १ जून १९९९ रोजी गेला. रूळ वाटले गेले, डबे वाटले गेले, इंजिनंही वाटली गेली.

काही भाग मात्र वाटता येण्यासारखा नव्हता. उत्तर न्यू जर्सी, फिलाडेल्फिया-दक्षिण न्यू जर्सी आणि डेट्रॉइट इथे दोघांनाही ग्राहक हवे होते. म्हणून तिथे कॉनरेल शेअर्ड ॲसेट्स या नावाने जुनी कंपनी सामायिक शंटिंगसाठी शिल्लक ठेवली. एडिसन, साउथ प्लेनफील्ड, बाउंड ब्रुक या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या घरामागून जी मालगाडी जाते, ती पुष्कळदा या सामायिक रुळांवरची असते. म्हणजे सहलीला जायची गरज नाही, सुरुवात परसदारातूनच करता येते.

आता उशीर करू नये असं म्हणायला एक कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी विलीनीकरणाची घोषणा केली. अशा घडामोडींत नव्या मालकाची पहिली नजर जुन्या, तुटपुंज्या संख्येने उरलेल्या इंजिनांवर जाते.

पायरी १: वारसा-रंगाच्या सापळ्यात पडू नका

नवख्यांची फसगत सगळ्यात जास्त इथे होते. एखाद्या दिवशी झळझळीत कॉनरेल निळ्या रंगातलं, पांढऱ्या अक्षरांचं इंजिन समोरून जातं आणि आपण उड्या मारतो. बहुतेक वेळा ते नॉरफोक सदर्नचं ८०९८ असतं. २०१२ मध्ये या कंपनीने आपल्या २० इंजिनांना पूर्वज कंपन्यांचे रंग दिले. कॉनरेल, पेनसिल्व्हेनिया, रीडिंग, लीहाय व्हॅली, पेन सेंट्रल, सगळ्यांचे. त्यात दहा जीईची (जनरल इलेक्ट्रिक) ईएस४४एसी होती आणि दहा ईएमडी या दुसऱ्या उत्पादकाची एसडी७०एसीई. सीएसएक्सनेही नंतर असाच उपक्रम सुरू केला. दिसायला देखणी, पण इंजिनं नव्या पिढीची. जुनं कपाट रंगवलं तर निदान कपाट तरी जुनं असतं; इथे तेही नाही.

याच्या उलट, खरं जुनं इंजिन बहुधा कळकट काळ्या रंगात, नंबरखेरीज काहीही न मिरवता उभं असतं. कधीकधी वरचा काळा रंग उन्हाने विटतो, सोलतो आणि आतून निळा डोकावतो. असा पोपडा दिसला की जवळून बघायला सुरुवात करा.

पायरी २: छताकडे बघा

पुलावरून किंवा उंच प्लॅटफॉर्मवरून बघायला मिळालं तर छताइतकं प्रामाणिक काही नाही. आपल्याला हवी असलेली बहुतेक इंजिनं ईएमडीची, म्हणजे तेव्हाच्या जनरल मोटर्सच्या इंजिन विभागाची आहेत. दोन मॉडेलं डोक्यात पक्की बसवा.

जीपी३८-२: चार धुऱ्यांचं, २,००० अश्वशक्तीचं, टर्बो नसलेलं. छताच्या मागच्या टोकाला रेडिएटरचे दोन मोठे पंखे. धूर सोडायला दोन छोटी धुराडी.

एसडी४०-२: सहा धुऱ्यांचं, ३,००० अश्वशक्तीचं, टर्बोवालं. मागच्या टोकाला एका ओळीत तीन पंखे, आणि धुराडं एकच पण चांगलं मोठं.

तीन पंखे पण चारच धुऱ्या दिसल्या तर ते जीपी४०-२. पंखे आणि धुऱ्या मोजता आल्या की निम्मं काम झालं. दोन्ही मॉडेलांचं उत्पादन १९७२ मध्ये सुरू झालं आणि १९८० च्या दशकापर्यंत चाललं. एसडी४०-२ इतक्या प्रमाणात विकलं गेलं की एके काळी अमेरिकेतली कुठलीही मालगाडी त्याच्याशिवाय दिसणं अवघड होतं.

पुलावर जागा नाही, बाजूनेच दिसतंय? मग एसडी४०-२ साठी दुसरी खूण आहे, पुढचे आणि मागचे ओटे. याचा सांगाडा लांब आणि त्यावरची बॉडी त्या मानाने आखूड. त्यामुळे नाकापुढे आणि शेपटीमागे चांगली ऐसपैस मोकळी जागा उरते. दोन-तीन शंटर आरामात उभे राहतील एवढी. एकदा हे ओटे ओळखीचे झाले की पाव मैलावरून एसडी४०-२ कळतं.

पायरी ३: चाकांचा सांगाडा, कॉनरेलची खरी सही

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात सुंदर खूण ही आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

एसडी४०-२ बरोबर ईएमडीने चाकांचा नवा सांगाडा आणला, एचटी-सी. तीन धुऱ्यांचा, लांबट, मधल्या चाकापाशी शॉक ॲब्सॉर्बरची नळी असलेला. बाकी रेल्वे कंपन्यांची एसडी४०-२ बघाल तर खाली हाच दिसेल. पण त्याच काळात ॲमट्रॅकची एसडीपी४०एफ ही प्रवासी इंजिनं वारंवार घसरली आणि संशयाची सुई याच सांगाड्याकडे वळली. दोष खरंच त्याचा होता का, यावर तंत्रज्ञांत मतभेद राहिले. कॉनरेलने मात्र धोका पत्करला नाही. आपल्या एसडी४०-२ साठी तिने आधीच्या पिढीचा फ्लेक्सिकॉइल सांगाडा मागून घेतला.

याचा आपल्याला आज उपयोग काय? रंग बदलतो, नंबर बदलतो, केबिन बदलते, पण चाकांचा सांगाडा सहसा तसाच राहतो. काळ्या किंवा निळ्या-पिवळ्या एसडी४०-२ खाली आखूड, शॉक ॲब्सॉर्बर नसलेला फ्लेक्सिकॉइल दिसला, तर ते इंजिन मूळचं कॉनरेलचं असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. फोटो काढताना वरच्या नक्षीच्या नादात चाकं कापू नका, हे त्यासाठीच.

पायरी ४: नंबर वाचा, पण त्याच्या आहारी जाऊ नका

केबिनच्या बाजूला मोठा नंबर असतो आणि पुढे-मागे दिव्यांच्या पाट्यांवर तोच. लिहून घ्या. वाटणीनंतर दोन्ही कंपन्यांनी कॉनरेलच्या इंजिनांना आपापल्या मालिकांत नवे नंबर दिले. कॉनरेलची एसडी४०-२ नॉरफोक सदर्नकडे ३३००-३४०० च्या आसपास गेली, सीएसएक्सकडे ८८०० च्या घरात. आंतरजालावर दोन्ही कंपन्यांच्या इंजिनांच्या याद्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं जपल्या आहेत. नंबर टाकला की बांधणीचं वर्ष आणि जुना नंबर मिळतो.

नंबरवर पूर्ण भिस्त का ठेवू नये, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. १९७७ मध्ये बनलेलं कॉनरेलचं ६४१० वाटणीत सीएसएक्सकडे गेलं आणि ८८८८ झालं. १५ मे २००१ रोजी ओहायोमध्ये चालक सांधा बदलायला खाली उतरला आणि हे इंजिन ४७ डबे घेऊन चालकाविना सुटलं. ६६ मैल पळाल्यावर दुसऱ्या इंजिनाने मागून जोडून घेत त्याचा वेग कमी केला आणि एका कर्मचाऱ्याने धावत त्यावर चढून ते थांबवलं. या प्रसंगावर पुढे हॉलिवूडने चित्रपटही काढला. एवढं प्रसिद्ध इंजिन, पण आज ८८८८ शोधायला गेलात तर सापडणार नाही. सीएसएक्सने त्याची पुनर्बांधणी करून एसडी४०-३ केलं. नंबर झाला ४३८९, केबिनही नव्या धाटणीची आली. ओळखणाऱ्याने ओळखायचं ते खालच्या सांगाड्यावरून आणि यादीवरून.

नंबराखालची बारीक अक्षरंही महत्त्वाची. वाटणी झाल्यावर मालमत्ता थेट दोन कंपन्यांच्या नावावर न जाता मधल्या दोन कंपन्यांकडे ठेवली होती. नॉरफोक सदर्नच्या वाट्यावर 'पीआरआर' आणि सीएसएक्सच्या वाट्यावर 'एनवायसी' अशी अक्षरं आली. संपून तेव्हा तीस वर्षं झालेल्या पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रलची आद्याक्षरं अशी पुन्हा रुळांवर आली! २००४ मध्ये ही मधली व्यवस्था मोडीत निघाली, त्यामुळे इंजिनांवर ही अक्षरं आता विरळाच. मालडब्यांवर मात्र अजून नजर ठेवा.

बांधणीची धातूची पाटी इंजिनाच्या चौकटीच्या बाजूला लहानशी असते. महिना-वर्ष तिथे कोरलेलं असतं. लांबून वाचता येत नाही, आणि ती वाचायला रुळांजवळ जायचं नाही.

पायरी ५: इंजिन नसलेलं इंजिन

सीएसएक्सच्या शंटिंगच्या गाड्यांत कधीकधी दोन इंजिनं पाठीला पाठ लावून दिसतात. एक जीपी४०-२ सारखं धडधडतंय, दुसरं मात्र गप्प. हे दुसरं म्हणजे 'स्लग'. त्यात डिझेल इंजिनच नाही. शेजारच्या इंजिनाकडून केबलने वीज घेऊन फक्त त्याच्या चाकांच्या मोटरी फिरतात. मंद वेगाने अवजड डबे ओढताना पकड वाढवायला हा स्वस्त उपाय.

इथे थांबून बघण्याचं कारण असं की, सीएसएक्सच्या बऱ्याच स्लगची बॉडी जीपी३० आणि जीपी३५ ची आहे, म्हणजे १९६० च्या दशकातली. जीपी३० तर १९६१ ते ६३ एवढंच बनलं. केबिनच्या छतापासून मागे जाणारा त्याचा फुगीर उंचवटा दुसऱ्या कुठल्याच मॉडेलला नाही. कॉनरेलशी या स्लगचा संबंध असेलच असं नाही, सीएसएक्स स्वतःच कितीतरी जुन्या कंपन्या गिळून मोठी झाली आहे. पण साठ वर्षांची बॉडी रोजच्या पगारी कामावर बघायची असेल तर याच्यासारखी जागा नाही. गाडीत सगळ्यात निरुपयोगी दिसणारा तुकडा सगळ्यात जुना निघतो.

पायरी ६: कान वापरा

ईएमडीची ही इंजिनं टू-स्ट्रोक आहेत. जीपी३८-२ चा आवाज अखंड, घुमणारा, एका लयीत. एसडी४०-२ जोर लावतं तेव्हा त्यावर टर्बोची बारीक शिट्टी चढते. जीईची इंजिनं फोर-स्ट्रोक, त्यांचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात. दोन-तीन वेळा डोळ्यांनी खात्री करून घेतली की घरातून ऐकूनही अंदाज बांधता येतो.

ज्यांचं लहानपण घोरपडीच्या डिझेल शेडजवळ किंवा पुणे-मिरज मार्गावर गेलं, त्यांच्या कानात मात्र तिसराच आवाज बसलेला आहे, आल्को या जुन्या अमेरिकी इंजिन-कंपनीचा. आपलं डब्ल्यूडीएम-२ हे आल्कोच्या रचनेवर बनलेलं, १६ सिलिंडरचं २५१ इंजिन असलेलं. खुद्द आल्कोने १९६९ मध्येच अमेरिकेत इंजिनं बनवणं बंद केलं, त्यामुळे इथे ते आता दुर्मीळ. पण एडिसनपासून मोटारीने साधारण दोन तासांवर, स्क्रँटनमध्ये, डेलावेअर-लॅकवाना ही छोटी मालवाहू कंपनी १९९३ पासून आल्को आणि त्यांच्या कॅनडातल्या भावंडांवर चालते. मार्गांतले काही इरी लॅकवानाचे, म्हणजे कॉनरेलमध्ये गेलेल्या कंपनीचे, आणि इंजिनांतली काही सी४२५ सुद्धा मूळची इरी लॅकवानाचीच. सी४२५ मध्ये तेच १६ सिलिंडरचं २५१ आहे. थ्रॉटल उघडल्यावर आधी काळा धूर, मग ते ओळखीचं धापा टाकणं. गावाकडून आई-बाबा आले असतील तर नायगाराच्या आधी त्यांना इथे न्या. शेजारीच स्टीमटाउन हे वाफेच्या इंजिनांचं राष्ट्रीय संग्रहस्थळ आहे, त्यामुळे ज्यांना यात काडीचा रस नाही त्यांचीही सोय होते.

पायरी ७: कुठे आणि कधी उभं राहायचं

मुख्य मार्गावरच्या लांबलचक कंटेनर गाड्यांना जुनं इंजिन क्वचित मिळतं. तिथे नवी, ताकदवान एसी इंजिनं लावतात. म्हातारी इंजिनं तीन ठिकाणी सापडतात: यार्डात, स्थानिक माल पोचवणाऱ्या लहान गाड्यांवर आणि घाटात.

न्यू जर्सीत सुरुवात रॅरिटन व्हॅली मार्गाच्या युनियन किंवा रोझेल पार्क स्थानकापासून करा. इथे न्यू जर्सी ट्रान्झिटच्या प्रवासी गाड्या आणि कॉनरेलच्या मालगाड्या एकाच लीहाय मार्गावरून धावतात, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर कायदेशीर उभं राहून मालगाडी जवळून दिसते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळा टाळा, तेव्हा प्रवासी गाड्यांना वाट मोकळी ठेवतात. त्याच मार्गावर पश्चिमेला मॅनव्हिल आहे, तिथून सीएसएक्सचा ट्रेंटनकडे जाणारा मार्ग फुटतो. नेवार्कचं ओक आयलंड आणि कॅमडेनचं पॅव्होनिया ही मोठी यार्डं. आत जाता येत नाही, पण आसपासच्या सार्वजनिक रस्त्यांवरून आणि पुलांवरून बरंच दिसतं. स्थानिक गाड्या कामाच्या दिवशी जास्त. चार डबे आणि एक-दोन इंजिनं असलेली गाडी फाटकाजवळ पुढे-मागे करताना दिसली तर पळत सुटू नका. ती अर्धा-पाऊण तास तिथेच घुटमळणार असते.

घाटासाठी पेनसिल्व्हेनियातलं अल्टूना. १८५४ मध्ये खुल्या झालेल्या हॉर्सशू कर्व्हवर चढणीला मालगाड्यांना मागून धक्का देणारी इंजिनं लावतात. वर्षानुवर्षं हे काम नॉरफोक सदर्नच्या ६३०० मालिकेतल्या एसडी४०ई इंजिनांनी केलं. जवळच्याच जुनियाटा कारखान्यात जुन्या एसडी५० पासून ती पुन्हा बांधली होती. कसारा घाटात मागे बँकर लावलेले पाहिले असतील त्यांना दृश्य परकं वाटणार नाही. न्यू जर्सीहून मात्र चार-साडेचार तासांचा पल्ला आहे, मुक्कामाच्या तयारीनेच निघा.

रेडिओ स्कॅनर असेल तर रेल्वेचा पट्टा १६०.२१५ ते १६१.५६५ मेगाहर्ट्झमध्ये आहे. गाडी येतेय का, एवढं त्यावरून कळतं. कुठलं इंजिन आहे हे बऱ्याचदा चालकच सांगतो, कारण रेडिओवर गाडीची ओळख पुढच्या इंजिनाच्या नंबराने देतात. ऐकलेला नंबर लगेच यादीत शोधायचा आणि मग थांबायचं की घरी जायचं ते ठरवायचं.

पायरी ८: कायदा

सार्वजनिक जागेवरून फोटो काढायला मनाई नाही. रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकणं मात्र गुन्हा आहे, फलक असो वा नसो. रुळांपासून २५ फूट तरी लांब राहा. कर्मचाऱ्याने किंवा पोलिसाने हटकलं तर वाद न घालता काय करताय ते सांगा, आणि जा म्हणाले तर निघा. स्कॅनर मोटारीत वापरण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेवढे आधी पाहून घ्या.

पायरी ९: नोंद कशी ठेवावी

एका इंजिनाचे चार फोटो पुरतात. समोरून तिरका, ज्यात नंबर आणि नाक दिसेल. पूर्ण बाजू, चाकांसकट. केबिनच्या नंबराचा जवळून. आणि जमलं तर वरून छत. देखणा सूर्यास्ताचा फोटो पाचवा काढा, ओळख पटवायला तो कामाचा नाही. वहीत तारीख, जागा, गाडीची दिशा, इंजिनांचे नंबर क्रमाने, पंखे किती, सांगाडा कुठला, सोललेला रंग कुठे, एवढं लिहा. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि घरी यादीशी ताडून मगच ते काढा. जुना नंबर सापडला की तोही शेजारी लिहा. पुढच्या वर्षी तेच इंजिन तिसऱ्याच नंबराने दिसलं, तर तुमच्याच वहीत त्याचा माग लागेल.